पेंढा विकला, पालाश गेला

प्रश्न : कोळवण खोऱ्यात आमचे इंद्रायणीचे खाचर आहे. निसवताना खालच्या पानांच्या कडा करपतात, नंतर भात लोळतो. युरिया वाढवावा का?
– एक शेतकरी, कोळवण (ता. मुळशी)

उत्तर : युरिया आधी थांबवा! नत्राने भात उंच व लुसलुशीत होतो, लोळणे वाढते. खालच्या, जुन्या पानांची टोके व कडा करपणे हे पालाशच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे. हे अन्नद्रव्य झाडात फिरते. कमी पडले की जुन्या पानांतून कोवळ्या भागाकडे जाते. गंमत म्हणजे पालाश झाडाच्या कुठल्याच घटकात बांधला जात नाही. पेशीरसात विरघळून तो पर्णरंध्रांची उघडझाप सांभाळतो, पानातली साखर दाण्याकडे पोचवतो आणि खोडाला ताठपणा देतो.

मुळशीच्या पावसात हलक्या जमिनीतून तो धुऊन जातो, हे खरे. पण मोठी गळती विकलेल्या पेंढ्यातून होते. भाताने उचललेला बहुतांश पालाश पेंढ्यातच राहतो, दाण्यात थोडाच. पेंढा जनावरांनी खाल्ला तरी हरकत नाही. मात्र त्यातला पालाश मुख्यतः मूत्रातून बाहेर पडतो. म्हणून गोठ्यातला भिजलेला पाचोळा शेणाइतकाच जपून खतात घाला. भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत पेंढा गाडायला सांगतात, तो यासाठीही.

माती परीक्षण करून घ्या. तोवर एकरी २० किलो पालाश, म्हणजे सुमारे ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश, पुढच्या चिखलणीच्या वेळी द्या. यंदा करपलेली पाने मात्र पुन्हा हिरवी होणार नाहीत.