ओढ्याकाठचा मुक्काम : शिबिराआधीचा एक पाठ



आपल्या शाळेचे आठवी-नववीचे निसर्ग शिबिर यंदाही डिसेंबरमध्ये खानापूर तालुक्यातील डोंगरात, रानातल्या ओढ्याकाठी भरणार आहे. गेल्या वर्षी आलेल्यांना तिथला एक प्रसंग आठवत असेल. ओढ्याला लागूनच जांभळाच्या सावलीत वाळूची छान सपाट जागा होती. मुलांनी पिशव्या तिथेच टाकल्या आणि दोन तंबू उभेही केले. आम्ही ते उपटायला लावले. शंभरेक पावले दूर, उंचवट्यावर दगड वेचून नवी जागा करावी लागली. पाण्यासाठी चढ-उतार वाढला, त्यामुळे बरीच नाराजी झाली.

त्या रात्री पाऊस पडला नाही. ओढाही शांत वाहत राहिला. सकाळी एका मुलाने विचारले, "सर, काहीच झालं नाही. मग तंबू उगाच हलवले ना?" प्रश्न रास्त होता आणि घाईत दिलेले आमचे उत्तर अपुरे होते. ते उत्तर आज सविस्तर देत आहोत.

सपाट जागा कोणी केली?

डोंगरात सपाट जागा सहसा मिळत नाही. मग ती ओढ्याच्या काठीच का सापडते? पूर आला की पाणी काठाबाहेर पसरते व त्याचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की पाण्याबरोबर आलेले जड गोटे आधी खाली बसतात, मग वाळू आणि शेवटी बारीक गाळ. म्हणजे ती जागा ओढ्यानेच तयार केलेली असते. पाणी वाढले की तो पुन्हा तिथे येतो.

त्याच सकाळी आम्ही त्या जागी परत गेलो. एका मुलीने वर बोट दाखवले. जांभळाच्या फांदीत, आमच्या डोक्याच्याही वर, वाळलेले गवत आणि एक प्लास्टिकची पिशवी अडकली होती. ती तिथे पाण्यानेच नेऊन ठेवली होती. पुराची उंची मोजायला याहून चांगली पट्टी नाही.

वरच्या बाजूला काय चालले आहे?

ओढ्यात येणारे पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसाचेच असते असे नाही. वरच्या सगळ्या उतारांवरचे, घळींमधले पाणी गोळा होऊन तो वाहतो. या साऱ्या क्षेत्राला त्याचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. आपल्याकडे चांदणे पडलेले असताना दोन डोंगर पलीकडे धो धो पाऊस पडू शकतो.

स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतात बिएस्कास गावाजवळ एका डोंगरी ओढ्याच्या गाळाने बनलेल्या उतारावर तंबूंचे मोठे पर्यटक शिबिर होते. 7 ऑगस्ट 1996 रोजी संध्याकाळी वरच्या भागात जोराचा पाऊस झाला आणि पाणी, चिखल व दगडांचा लोंढा शिबिरात शिरला. 87 माणसे गेली. अशा जागी शिबिराला परवानगी दिल्याबद्दल 2005 मध्ये न्यायालयाने सरकारी यंत्रणांना जबाबदार धरले.

अमेरिकेत कोलोरॅडोतील बिग थॉम्पसन नदीच्या दरीत 31 जुलै 1976 च्या रात्री काही तासांत सुमारे 300 मिलिमीटर पाऊस कोसळला. 140 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. दरीतल्या रस्त्याने मोटारीतून पळू पाहणारे अनेक जण पुरात सापडले. जे गाडी सोडून बाजूच्या उतारावर चढले त्यांतले बरेच वाचले. आज तिथल्या डोंगरी रस्त्यांवर 'पूर आल्यास वर चढा' अशा अर्थाच्या पाट्या आहेत.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून वेगाच्या प्रवाहात गुडघ्याच्या खालचे पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकते. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर सामान सोडून आडव्या दिशेने उंचावर चढायचे. ओढा ओलांडायचा नाही.

डिसेंबरात आपल्याकडे पुराचा संभव कमी असतो. तरीही जागा निवडायची सवय एकदाच लागते. शिवाय थंडीत जड, गार हवा खोलगट भागात उतरते. त्यामुळे काठावरचे तंबू दवाने अधिक भिजतात. रात्री गवे, भेकरे पाण्यावर येतात, त्यांची वाटही मोकळी ठेवायला हवी.

खालच्या बाजूला कोण आहे?

आता उलट दिशेने पाहू. आपल्या तालुक्यातले पाणी दोन समुद्रांना जाते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीजवळच्या धरणात येते. हुबळी-धारवाड त्या धरणाचे पाणी पिते. पुढे ती कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. याच तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते.

वरचा पाऊस जसा आपल्याला दिसत नाही, तसे आपण ओढ्यात काय टाकतो ते खालच्या गावांना दिसत नाही. म्हणून भांडी, कपडे, अंघोळ यांसाठी बादलीने पाणी काढून काठापासून साठ मीटरवर न्यायचे. साबण ओढ्यात उतरता कामा नये. शौचाचा खड्डाही तेवढ्याच अंतरावर, वीतभर खोल, आणि नंतर मातीने बुजवायचा. आपल्याही वर कोणीतरी असते, म्हणून पिण्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी खळखळ उकळवून घ्यायचे.

पालक व विश्वस्तांस

'पाण्याजवळ मुलांना नेऊच नका' असे काही पालकांनी कळवले आहे. त्यांची काळजी आम्हाला समजते. पण मुले मोठी होऊन मित्रांबरोबर धबधब्यांवर जाणारच आहेत. त्या वेळी शिक्षक बरोबर नसतील. ओढा वाचायला त्यांनी आताच शिकावे, असे आम्हाला वाटते. मात्र वनखात्याची परवानगी, आधी शिक्षकांनी जाऊन केलेली जागेची पाहणी आणि रात्रीचा पहारा यांवाचून शिबिर भरू नये. सोय पाहून ते पावसाळ्यात घ्यावे, असा आग्रहही कोणी धरू नये.

त्या मुलाला उत्तर एवढेच, की काही झाले नाही हे आपल्याला सकाळी कळले. तंबू मात्र संध्याकाळीच ठोकायचे होते.

स्वाध्याय

1. घराजवळच्या नाल्याच्या काठी मोठ्या माणसांबरोबर जा. पुराच्या तीन खुणा शोधा व वहीत त्यांचे चित्र काढा.
2. तो नाला कोणत्या नदीला मिळतो? नकाशावर समुद्रापर्यंत रेघ ओढा.
3. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांनी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते? आज तिथे काय आहे?