नखे काढण्याच्या साधनांची घरगुती स्वच्छता

फवारणी झाल्यावर आपण पंप धुऊन ठेवतो. पण घरातले एकच नेलकटर किंवा नराणी सर्वजण वापरतात आणि ती धुण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

धोका कोणता?
भातलावणीत पाय चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यातील बुरशी नखात शिरल्यास नख जाड, पिवळसर व ठिसूळ होते. अशा नखाला वापरलेले साधन दुसऱ्याने घेतले, तर त्यालाही लागण होऊ शकते. कावीळ ‘ब’ रोगाचा विषाणू तर शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. त्यासाठी रक्ताचा डाग दिसलाच पाहिजे असे नाही.

स्वच्छतेची पद्धत
१) प्रथम साबण व कोमट पाण्याने जुन्या दातघासणीच्या ब्रशने साधन घासावे. सांध्यातील मळ काढावा. मळ राहिल्यास जंतुनाशक आतपर्यंत पोहोचत नाही.
२) स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे.
३) औषध दुकानातील ७० टक्के स्पिरिटमध्ये १० मिनिटे बुडवून ठेवावे. नुसते पुसणे पुरेसे नाही. स्पिरिट पेट घेते, म्हणून चूल, स्टोव्ह व बिडी-काडीपासून दूर ठेवावे.
४) स्पिरिट नसल्यास किंवा साधनाला रक्त लागले असल्यास, संपूर्ण धातूचे साधन पाण्यात बुडवून २० मिनिटे उकळावे. वेळ पाणी खळखळू लागल्यापासून मोजावा.
५) पूर्ण वाळवून सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा व कोरड्या डबीत ठेवावे.

ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात साधने भिजत ठेवू नयेत; त्यामुळे धातू गंजतो. नखे घासण्याची कागदी पट्टी निर्जंतुक होत नाही, म्हणून ती प्रत्येकाची वेगळी असावी.

विशेष काळजी
नखे आंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ कापावीत. कोपरे खोल कोरू नयेत. मधुमेही व्यक्तीचे साधन वेगळे ठेवावे. पायाची बधिरता असल्यास लहानशी जखमही लक्षात येत नाही व ती चिघळते.

धनुर्वाताचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. म्हणून मातीने भरलेल्या बोटाला जखम झाल्यास ती साबणाने धुवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या लसीबाबत विचारावे. बोट सुजून ठणकू लागल्यास किंवा पू झाल्यास घरी कापाकापी न करता डॉक्टरांना दाखवावे.

शक्य असल्यास प्रत्येकासाठी वेगळे नेलकटर घ्यावे. आजारपणाच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.