दिनचर्या-मार्गदर्शन ऑनलाइन चालविताना

पूर्वी दवाखान्यातील एखाद्या रिकाम्या खोलीत किंवा सोसायटीच्या सभागृहात भरणारे दिनचर्येचे, आहाराचे व योगासनांचे वर्ग २०२० नंतर मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर आले. साथ ओसरली, तरी हा बदल पूर्णपणे मागे फिरला नाही. ज्यांना दवाखाना दूर पडतो, ज्यांची नोकरी फिरतीची आहे किंवा ज्यांच्या घरी लहान मूल अथवा आजारी माणूस आहे, त्यांना ही सोय झाली आहे. मात्र 'वर्ग ऑनलाइन नेला' म्हणजे केवळ सभागृहाचे भाडे वाचले, असे समजणे योग्य नाही. वैद्य व रुग्ण यांच्यामधील अंतर वाढले की वैद्याच्या जबाबदारीचे स्वरूपही बदलते. त्या बदलाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. मार्गदर्शन आणि चिकित्सा

प्रथम एक सीमारेषा स्पष्ट करावयास हवी. लवकर उठणे, अभ्यंग, व्यायाम, भोजनाच्या वेळा, ऋतूनुसार आहार हा स्वस्थवृत्ताचा विषय आहे व तो समूहाला शिकविता येतो. परंतु वर्गातील एखाद्या व्यक्तीने 'माझी साखर वाढली आहे, काय घेऊ?' असे विचारले की त्याच क्षणी विषय चिकित्सेचा होतो. त्याचे उत्तर सर्वांसमक्ष देऊ नये. एकाला दिलेले औषध इतर एकोणीस जण लिहून घेतात, हा अनुभव नवा नाही. अशा व्यक्तीस स्वतंत्र वेळ द्यावी व तिची नोंद रुग्ण म्हणून करावी.

चिकित्सेचा भाग आला की नियमही लागू होतात. केंद्र शासनाची टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी प्रसृत झाली. त्या धर्तीवर तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यवसायींसाठी एप्रिल २०२० मध्ये स्वतंत्र तत्त्वे दिली. (या परिषदेची जागा २०२१ पासून राष्ट्रीय आयोगाने घेतली आहे.) त्यांतील मुख्य सूत्र साधे आहे. दूरस्थ सल्ला पुरेसा आहे की रुग्णास प्रत्यक्ष बोलवावे, हा निर्णय नोंदणीकृत व्यवसायीने स्वतःच्या विवेकाने घ्यावयाचा असतो. तो निर्णय रुग्णाच्या सोयीवर किंवा आग्रहावर सोडता येत नाही.

२. पडद्यावर काय दिसते, काय दिसत नाही

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी स्पर्शन पडद्यावर सर्वथा अशक्य आहे. अष्टस्थान परीक्षेचा विचार केला तर शब्द व आकृती यांचे बऱ्यापैकी आकलन होते. मल व मूत्र यांविषयी प्रश्नांनी माहिती मिळते. नाडी व स्पर्श हाती लागत नाहीत. जिह्वा व दृक् यांची परीक्षा होऊ शकते, पण तेथे सावध राहावे लागते. पिवळ्या दिव्याखाली निरोगी डोळाही पीतवर्ण दिसतो व कॅमेरा जिभेचा वर्ण बदलून दाखवितो. म्हणून सकाळी दात घासण्यापूर्वी, खिडकीजवळ, नैसर्गिक प्रकाशात जिभेचे छायाचित्र काढून पाठविण्यास सांगावे. शंका राहिली तर प्रत्यक्ष बोलवावे.

स्पर्शनाची उणीव प्रश्नांनी काही अंशी भरून निघते. त्यासाठी पहिल्या भेटीची प्रश्नावली विस्तृत असावी. प्रकृती, अग्नी, कोष्ठ, निद्रा, व्यवसाय, पूर्वीचे आजार व चालू असलेली सर्व औषधे, आधुनिक औषधांसह, तीत लिहून घ्यावीत. वजन, कमरेचा घेर व रक्तदाब या गोष्टी रुग्ण घरी मोजू शकतो. शक्य असेल तेथे वर्गात प्रवेश देण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष भेट घ्यावी. त्या एका भेटीमुळे पुढील अनेक ऑनलाइन भेटी विश्वसनीय होतात.

३. वर्गाची रचना

समोरासमोरच्या वर्गात शिक्षकाची नजर सर्वत्र फिरते. पडद्यावर वीस चौकटी असतात, निम्म्यांचे कॅमेरे बंद असतात आणि कोणाला धाप लागली हे कळत नाही. म्हणून व्यायामाच्या वर्गात कॅमेरा चालू ठेवणे सक्तीचे करावे व संख्या मर्यादित असावी. एक जण शिकविणारा व दुसरा केवळ पाहणारा, अशी जोडी असल्यास उत्तम.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे शास्त्रवचन ऑनलाइन वर्गात अधिकच महत्त्वाचे ठरते. 'सर्वांनी बारा सूर्यनमस्कार घालावेत' असे सांगितले की एकाचा तो अर्धशक्ती व्यायाम असतो, तर दुसऱ्याचा अतिव्यायाम. म्हणून संख्येऐवजी थांबण्याची लक्षणे शिकवावीत. कपाळ, नाक व काखा यांवर घाम येणे, तोंड कोरडे पडणे, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही लक्षणे प्रत्येकास स्वतःची स्वतः ओळखता येतात. ग्रीष्म, वर्षा व शरद या ऋतूंत प्रमाण आणखी कमी करावे. अजीर्ण असताना व्यायाम वर्ज्य आहे, हे दररोज वर्गाच्या प्रारंभी विचारून घ्यावे. छातीत दुखणे, चक्कर, अकारण धाप, हातापायांत अचानक बधिरता अशी लक्षणे सांगणाऱ्यास वर्गातून तत्काळ थांबवून जवळच्या रुग्णालयात पाठवावे. त्यासाठी प्रत्येकाचा राहता पत्ता व घरातील एका व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक आधीच घेतलेला असावा. दुसऱ्या गावी असलेल्या माणसासाठी रुग्णवाहिका मागवावयाची झाल्यास पत्त्यावाचून वैद्य हतबल होतो.

सवयी बदलण्यासाठी चरकसंहितेतील पादांशिक क्रम हा आजही सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. अहित सवय एकदम न सोडता चतुर्थांशाने सोडावी व हितकर सवय त्याच क्रमाने अंगी बाणवावी. रात्री दहाला जेवणाऱ्यास आठला जेवावयाचे असेल, तर दोन तासांचे चार भाग करून अर्ध्या-अर्ध्या तासाने वेळ अलीकडे आणावी. एक पायरी पक्की झाल्याखेरीज पुढील सांगू नये. रोज संध्याकाळी एका ओळीचा निरोप पाठविण्यास सांगितले, की पायरी टिकली की सुटली हे समजते. ऑनलाइन पद्धतीचा खरा लाभ हाच आहे. महिन्यातून एकदा भेटणारा वैद्य येथे दररोज अर्धा मिनिट भेटतो.

४. देश आणि काल

परदेशी राहणारी मराठी मंडळी अशा वर्गांना आवर्जून येतात. त्यांच्या बाबतीत देश व काल या दोन्हींचा विचार नव्याने करावा लागतो. पुण्यात हेमंत ऋतू असताना मेलबर्नमध्ये उन्हाळा असतो. पुण्याच्या पंचांगानुसार तेथील व्यक्तीस स्निग्ध, उष्ण, गुरू आहार सांगणे म्हणजे शास्त्राच्या नावाने शास्त्रविरुद्ध सांगणे होय. तेथील हवामान, सूर्योदयाची वेळ व मिळणारे धान्य-भाज्या विचारूनच ऋतुचर्या सांगावी.

शिवाय २०२० ची केंद्रीय तत्त्वे भारताबाहेरील रुग्णांच्या सल्ल्यास लागू नाहीत. तेथे त्या त्या देशाचा कायदा चालतो. त्यामुळे परदेशस्थांसाठी सामान्य स्वस्थवृत्तापुरतेच मर्यादित राहावे, औषधयोजना करू नये, हे श्रेयस्कर.

५. औषध व दुकानदार

औषधी दुकानदारांसाठी हा विषय दुहेरी आहे. वर्ग ऑनलाइन गेला की रुग्ण औषधही ऑनलाइन शोधू लागतो व पिढ्यान्‌पिढ्यांचा ग्राहक तुटतो. पण दुकानदाराजवळ जे आहे ते संकेतस्थळाजवळ नाही. वैद्याचे अक्षर व पद्धत त्याला ठाऊक असते, बदली औषध देण्यापूर्वी तो वैद्यास विचारतो आणि अनुपान समजावून सांगतो. वैद्य व दुकानदार यांनी मिळून व्यवस्था केली, चिकित्सापत्राची प्रत थेट दुकानात गेली व औषध घरपोच पोहोचले, तर दोघांचाही व्यवसाय टिकतो. मात्र रुग्णास विशिष्ट दुकानाची सक्ती नसावी व दोघांत दलालीचा व्यवहार नसावा.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'अनुसूची ई (१)' मधील वत्सनाभ, कुपिलू, भल्लातक, धत्तूर, जयपाल आदी द्रव्ये असलेल्या कल्पांविषयी विशेष दक्षता हवी. अशी औषधे नोंदणीकृत व्यवसायीचे वैध चिकित्सापत्र मिळाल्यानंतरच विकावीत, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दिली. दूरध्वनीवर 'मागच्यासारखेच पाठवा' असे सांगणाऱ्यास ही औषधे देऊ नयेत. २००८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता. त्या एका लेखाने साऱ्या शास्त्राकडे संशयाने पाहिले गेले. शोधन-मारणाची आपली बाजू कितीही भक्कम असली, तरी वैद्याच्या देखरेखीवाचून कुरियरने गेलेल्या रसौषधीचे समर्थन करता येत नाही.

६. नोंदी, जाहिरात व शुल्क

चिकित्सापत्रावर नाव, पदवी व नोंदणी क्रमांक असावा. सल्ल्याची तारीख, माध्यम व दिलेले औषध यांची नोंद ठेवावी. रुग्णाने पाठविलेली छायाचित्रे व अहवाल समूहात फिरवू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. संमतीवाचून कोणाचे 'आधी व नंतर' असे छायाचित्र जाहिरातीत वापरणे आपल्या व्यवसायधर्मातही बसत नाही. मधुमेह, स्थौल्य आदी व्याधी हमखास बऱ्या करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याचा प्रतिबंध आहे. तो पडद्यावरील जाहिरातीसही तितकाच लागू आहे.

शुल्काबाबत एक व्यावहारिक सूचना. रुग्णचिकित्सेच्या शुल्कास वस्तू व सेवा करातून सूट आहे, परंतु सामूहिक आरोग्यवर्गाच्या शुल्काचा विचार वेगळा होऊ शकतो. म्हणून दोन्हींचे हिशेब प्रारंभापासून वेगळे ठेवावेत व कर सल्लागाराचे मत घ्यावे.

समारोप

माध्यम नवे असले तरी कसोटी जुनीच आहे. जे पाहिले नाही त्याचे निदान करू नये, ज्याचा देश-काल ठाऊक नाही त्यास पथ्य सांगू नये आणि ज्यास प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे त्यास 'या' म्हणण्यास संकोच करू नये. ऑनलाइन वर्गाने दवाखान्याचे दार मोठे करावे, ते बंद करू नये. एवढे पथ्य पाळल्यास या माध्यमाचा लाभ रुग्ण, वैद्य व दुकानदार या तिघांनाही होईल.