शेजाऱ्यांना सांगावं की नाही?

प्रश्न : मी कागल पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. वडिलांना गावाकडून इथे आणलं. त्यांना पार्किन्सन्स आहे. तोल जातो, बोलणं अडखळतं. ‘पितात का?’ असं एका शेजाऱ्यानं विचारलं, तेव्हापासून ते बाहेरच पडत नाहीत. आजार लपवावा का?
– एक वाचक

उत्तर : लपवू नका. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडल्यानं असं होतं. आजार संसर्गजन्य नाही आणि दारूशी त्याचा संबंध नाही. चेहरा निर्विकार होतो, म्हणून माणूस उगाच आखडू वाटतो, हेही शेजाऱ्यांना सांगा. वडिलांची हरकत नसेल, तर आधी समोरच्या घरी आणि किराणा दुकानात सांगा. दुकानदाराला कळलं की गल्लीला कळतंच!

गोळीचा अंमल असताना त्यांना फिरायला न्या. शिफ्ट सुटते तेव्हा वर्दळीचा रस्ता टाळा. तुमची शिफ्ट बदलली तरी गोळीची वेळ बदलू नका. गोळी लेव्होडोपाची असेल, तर दुधासोबत देऊ नका. प्रथिनांमुळे औषध नीट शोषलं जात नाही. गोळी अचानक बंद करणं धोक्याचं. वारंवार पडत असतील किंवा घास अडकत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवा. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि नातेवाइकांसाठीच काम करतं. वडिलांचं तिथल्या कुणा समदुःखी माणसाशी फोनवर बोलणं करून द्या.