रक्त थांबल्यानंतरचे तीन दिवस

गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यामुळे माझ्या थोरल्या बंधूंच्या लहान आतड्याच्या आरंभी व्रण पडला आणि त्याने तेथील रक्तवाहिनी पोखरली, हे कोणाच्या ध्यानी येण्यापूर्वीच त्यांना शौचास डांबरासारखे काळे, चिकट व उग्र दुर्गंधीचे होऊ लागले होते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो खरा. परंतु त्याच्या जोडीला घेरी, घाम आणि धडधड असल्यास रुग्णालय गाठण्यात क्षणाचीही हयगय करू नये.

तेथे आधी सलाइन व रक्त देऊन नाडी स्थिरावू दिली आणि मगच तोंडावाटे दुर्बीण आत उतरवली. व्रणाच्या तळाशी चिळकांडी मारणारी शीर दिसताच डॉक्टरांनी तिच्याभोवती ॲड्रिनॅलिनचे अतिविरल द्रावण टोचले, आणि दुर्बिणीतून नेलेल्या सळीचे टोक शिरेवर घट्ट दाबून, विजेच्या उष्णतेने तिच्या भिंती एकमेकींस चिकटवल्या. आधी दाबणे, मग तापवणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण वाहते रक्त उष्णता सोबत घेऊन जाते आणि शीर उघडीच राहते. नुसत्या इंजेक्शनाचा परिणाम अल्पकाळ टिकत असल्याने त्याला उष्णतेची वा क्लिपची जोड द्यावी, असा आजचा दंडक आहे.

रक्त थांबल्याची वार्ता कळताच आप्तमंडळींनी रुग्णास घरी नेण्याचा जो आग्रह धरला, तो मला आजही व्यथित करतो. अशा व्रणातून पुन्हा रक्त येण्याचा धोका पहिल्या 72 तासांत सर्वाधिक असतो, आणि आम्लात गुठळी विरघळू नये म्हणून तेवढा काळ आम्लरोधक औषध शिरेवाटे देण्याची तजवीज केलेली असते. बंधूंना दुसऱ्या रात्री खरोखरच पुन्हा रक्तस्राव झाला. मुक्काम रुग्णालयातच असल्यामुळे तातडीने दुर्बीण घालून तो आवरता आला. आतड्याची भिंत पातळ असल्याने उष्णतेने तिला क्वचित छिद्रही पडते. तेव्हा पोट दगडासारखे कठीण होऊन असह्य दुखू लागल्यास पहाटेची वाट न पाहता परिचारिकेस उठवावे.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पेसमेकर असल्यास व रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास स्पष्ट सांगावे. मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मर्जीने बंद करू नये. वेदनाशामक गोळ्यांव्यतिरिक्त हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही व्रणाचे मोठे कारण असून, रक्तस्राव चालू असताना त्याची तपासणी कधीकधी चुकून निर्दोष येते. म्हणून तसा अहवाल हाती आल्यास काही आठवड्यांनी ती पुन्हा करवून घ्यावी.