लॅटेक्सचे मुखवटे आणि वेशभूषा: साचा सांभाळा, माल साठवू नका



साचा कसा भरायचा, रबर कसं सोलायचं हे व्हिडिओत दिसतं. पण या कामात पैसा उरतो की नाही, ते व्हिडिओत दिसत नाही, वहीत दिसतं. म्हणून आजचा धडा वही-पेन घेऊन वाचा.

विषय आहे लॅटेक्सची वेशभूषा. म्हणजे राक्षसाचं डोकं, वानराचा चेहरा, शिंगं, शेपटी, फुगीर छाती-दंड. कापड शिवून जो आकार येत नाही, तो रबरातून काढायचा. गिऱ्हाईक दोन प्रकारचं: रंगमंचावर उभा राहणारा आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहणारा.

आपल्या भागात हे घेणार कोण?

वर्धा जिल्ह्यात बसून मुंबईच्या सिनेमाकडे बघू नका. आधी जवळचं कॅलेंडर बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आपल्याकडे सिंदी रेल्वेचा तर प्रसिद्धच आहे. मग गणपती, नवरात्र, डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजची गॅदरिंग, पुढे रामनवमीच्या शोभायात्रेतले चित्ररथ. फोटोग्राफर आणि इव्हेंटवाले हवे असतील तर नागपूर साधारण ७५ किलोमीटरवर आहे.

आणि पूर्वेला झाडीपट्टी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्या कंपन्यांचं मुख्य ठाणं. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांनाही या रंगभूमीचं नाव कळलं.

पण तिथे जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. झाडीपट्टीचा नट रात्रभर संवाद म्हणतो, गातो. त्याला पूर्ण डोकं झाकणारा मुखवटा देऊन काय उपयोग? आवाज अडकेल आणि घामाने जीव जाईल. त्याला सुटे तुकडे लागतात: कपाळ, नाक, शिंगं, अर्धा मुखवटा. प्रेक्षक लांब असतो, म्हणून आकार ठळक हवा, बारीक सुरकुत्या कोणाला दिसणार नाहीत. फोटोचं काम याच्या उलट. अंगावर अर्धा तास राहिलं तरी चालतं, पण कॅमेरा जवळ येतो. कडेची शिवण, रंगाचा डाग, सगळं पकडतो. म्हणून ऑर्डर घेताना पहिला प्रश्न "कोणतं पात्र?" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "किती वेळ घालणार, आणि बघणारा किती लांब असेल?"

माल काय आहे ते ओळखा

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळमधून येतो. बाजारात मिळणाऱ्या घट्ट केलेल्या लॅटेक्समध्ये साधारण ६० टक्के रबर असतं आणि तो टिकावा म्हणून अमोनिया घातलेला असतो. डबा उघडला की डोळ्यांना झोंबतं ते त्यामुळे. खिडक्या उघड्या ठेवूनच काम करा. घेताना "प्री-व्हल्कनाइज्ड" आहे का ते विचारा. तो वाळला की तसाच वापरता येतो, वेगळा भट्टीत शिजवावा लागत नाही.

पद्धत थोडक्यात अशी. मातीत चेहरा घडवा. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा घ्या आणि पूर्ण वाळू द्या. साच्यात लॅटेक्स ओता. प्लास्टर पाणी शोषतं आणि आतल्या भिंतीवर रबराचा थर बसतो. हवी तेवढी जाडी आली की उरलेला चीक परत डब्यात ओता. थर चांगला वाळला की आतून टाल्कम पावडर लावून सावकाश सोला, नाहीतर रबर रबराला चिकटतं. साच्याला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, प्लास्टरचं शोषणं बंद होतं. शिंगं, दंड असे मोठे आकार फोममधून कोरा आणि वरून लॅटेक्सचे थर द्या, वजन कमी राहतं. रंग देताना थोडं लॅटेक्स रंगातच मिसळा, म्हणजे रबर ताणलं तरी रंग तडकत नाही.

आता या मालाचे शत्रू पाठ करा: ऊन, उष्णता, तेल आणि तांबं. उन्हाने रबर कडक होऊन चिरतं. खोबरेल तेल लावलेलं डोकं मुखवट्यात गेलं की रबर फुगतं, सैल पडतं. पितळेत तांबं असतं, म्हणून पितळी घुंगरं किंवा दागिने थेट रबराला लावू नका, मध्ये कापड घाला. आणि आपला मे महिना तर ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला मुखवटा एकदाही न वापरता म्हातारा होतो.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. धंद्याचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

आता वही उघडा

आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाकून परत करा.

समजा माती, प्लास्टर आणि ६ दिवसांची मजुरी धरून साचा पडला ६,००० रुपयांना. त्यातून निघणारा एक मुखवटा, म्हणजे लॅटेक्स, रंग, केस, पट्टा, मजुरी, पडला २,००० रुपयांना. भाडं एका वेळचं ५०० रुपये. धुणं आणि डागडुजी १०० रुपये. हातात राहिले ४००. एक मुखवटा नीट सांभाळला तर १५ वेळा भाड्याने जातो असं धरू.

वर्षभरात तुमच्याकडे एकूण ५० वेळा मागणी आली.

पहिला माणूस उत्साही. एकदाच १० मुखवटे काढले. खर्च ६,००० अधिक २०,००० म्हणजे २६,००० रुपये. कमाई ५० गुणिले ४००, म्हणजे २०,०००. तोटा ६,०००. आणि उन्हाळ्यानंतर दहाही मुखवटे थकलेले.

दुसऱ्याने ४ च काढले. खर्च ६,००० अधिक ८,००० म्हणजे १४,०००. मागणी तीच, कमाई तीच २०,०००. नफा ६,०००. साचा जागेवर आहेच, पाचवा मुखवटा लागला तर २,००० रुपयांत तयार.

कारागिरी दोघांची सारखी. फरक इतकाच की एकाने माल साठवला, दुसऱ्याने साचा साठवला. तांदूळ-डाळीच्या दुकानात भरलेलं गोदाम ही श्रीमंती असते. इथे भरलेलं गोदाम म्हणजे रोज थोडं थोडं मरणारं भांडवल.

तुम्ही म्हणाल, "पण तान्ह्या पोळ्याला एकाच दिवशी दहा जण मागतील त्याचं काय?" बरोबर आहे. त्यासाठी आगाऊ बुकिंग घ्या. महिनाभर आधी फोटो दाखवा, अर्धे पैसे घ्या. बुकिंग सहावर गेलं तर दोन मुखवटे वाढवा. पण ते त्या एका दिवसासाठीच लागणार असतील तर त्या दिवसाचं भाडं जास्त ठेवा. आगाऊ पैसे न आलेली मागणी वहीत लिहू नका, ती नुसती चौकशी आहे.

अंगावर जाणारी वस्तू आहे, विसरू नका

हा धंदा बंद पडायला एक अपघात पुरतो. काही लोकांना नैसर्गिक लॅटेक्सची ॲलर्जी असते. खाज, पित्त, सूज आणि कधीकधी श्वास घ्यायला त्रास. म्हणून भाड्याच्या पावतीवर आधीच विचारा: रबरी हातमोजे किंवा फुग्याने कधी त्रास झाला आहे का? "हो" म्हटलं तर देऊच नका. पाचशे रुपयांसाठी कोणाचा श्वास पणाला लावायचा नाही.

लहान मुलांना डोकं झाकणारा मुखवटा नको. कपाळावरची पट्टी, कान, शेपटी द्या. मोठ्यांनाही दर २०-३० मिनिटांनी काढायला सांगा, रबरातून हवा जात नाही. आत सुती टोपी द्या. रबर पेटतं, त्यामुळे मशाल आणि फटाक्यांजवळ वापरायचं नाही हे पावतीवरच छापा. चेहऱ्याचं माप घ्यायचं असेल तर प्लास्टर थेट कातडीवर ओतू नका, ते घट्ट होताना तापतं.

परत आलेला मुखवटा सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, पावडर लावा, आत कोरा कागद भरून अंधाऱ्या खोक्यात ठेवा. घडी घालू नका. हनुमानाचा किंवा देवाचा मुखवटा असेल तर वेगळा ठेवा आणि लोकांसमोर जमिनीवर टाकू नका. गिऱ्हाईक हे बघत असतं.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. भाड्याने देणं ही सेवा धरली जाते. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची आहे, सुरुवातीला तुम्ही त्याच्या आतच असाल. पण पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवा. उद्या कर्ज मागायला गेलात तर बँक तुमचा मुखवटा बघत नाही, व्यवहार बघते.

या आठवड्याचं काम

१. तुमच्या तालुक्यातल्या ५ शाळा, २ मंडळं आणि २ फोटोग्राफर यांना भेटा. विकू नका, फक्त विचारा: गेल्या वर्षी कोणतं पात्र हवं होतं आणि मिळालं नाही?

२. ज्या पात्राचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलं, त्या एकाच साच्याचा खर्च वरच्या पद्धतीने मांडा.

३. किती वेळा भाड्याने गेलं की पैसे वसूल होतात तो आकडा काढा. तेवढी नावं वहीत नसतील तर लॅटेक्सचा डबा अजून मागवू नका.

आकडा निघाला की कमेंटमध्ये टाका, आपण मिळून तपासू.