पिल्लांना घाई चालत नाही

सुट्टीत माझ्या सात वर्षांच्या नातीसाठी गावाहून कोंबडीची चार पिल्लं आली. जत्रेतली गुलाबी-हिरवी नव्हेत, गावरान. (त्या रंगवलेल्या पिल्लांत नरच जास्त. अंड्यांच्या धंद्यात नराला मोल नाही, म्हणून ती स्वस्त. घेऊ नका.) पहिल्याच संध्याकाळी नात रडवेली होऊन आली. "आजी, ती मला घाबरतात."

आई-बाबांनो, यात तिची चूक नव्हती. ती खोक्यात वरून हात घालत होती. वरून झेपावणारी सावली म्हणजे घार, हे पिल्लाला कुणी शिकवावं लागत नाही. मी तिला जमिनीवर बसवलं, तळवा फरशीला टेकवला आणि त्यावर चिमूटभर कणी ठेवली. बोटं हलवायची नाहीत, पिल्लू आलं तरी मूठ मिटायची नाही. दाणे टाकताना रोज एकच हाक द्यायची, "या, या, या". कोंबडीही दाणा सापडला की एका ठरावीक आवाजात पिल्लांना बोलावते, तसंच.

हे दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटं. तुमच्या लेकराला दहा मिनिटं स्वस्थ बसणं जमेल का, असं तुम्ही विचाराल. जमतं. जमत नाही ते आपल्याला. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू तिच्या बोटांपर्यंत आलं, तेवढ्यात माझ्या लेकाने फोटोसाठी ते झडप घालून पकडलं आणि तिच्या हातात दिलं. फोटो छान आला. पुढचे दोन दिवस हात दिसला की चारही पिल्लं कोपऱ्यात.

आणखी एक गंमत आपण मोठेच मुलांना शिकवतो. पिल्लाला उताणं करून धरायचं, ते निपचित पडतं, मग म्हणायचं, "बघ, कसं शांत झोपलं!" ते झोपलेलं नसतं. भीतीने थिजलेलं असतं. विसावलेलं पिल्लू वेगळं दिसतं. ते हळू आवाजात किलबिलतं, डोळे मिटत जातात, अंग सैल पडतं. हा फरक मुलाला जरूर दाखवा.

पहिल्या दोन-तीन दिवसांतली ओळख सगळ्यात घट्ट बसते. इंग्लंडच्या डग्लस स्पाल्डिंग यांनी 1873 साली लिहिलंय, की काही पिल्लांच्या डोळ्यांवर त्यांनी जन्मापासून टोपडं ठेवलं होतं. जवळजवळ चार दिवसांनी ते काढलं, तेव्हा ती त्यांना पाहून भयंकर घाबरली. लवकर डोळे उघडे केलेली पिल्लं मात्र त्यांच्या मागे मागे धावायची. तुमच्याकडे आठवड्याचं पिल्लू आलं तरी बिघडत नाही, दिवस थोडे जास्त लागतात इतकंच.

मैत्रीआधी ऊब हवी. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली गर्दी करून ओरडत असली तर त्यांना थंडी वाजतेय. चोच उघडून कडेला पांगली असली तर उकडतंय. एकटं पिल्लू कधी ठेवू नका, ते जिवाच्या आकांताने ओरडत राहतं. खेळून झालं की साबणाने हात धुवायचे. मुके घ्यायचे नाहीत, कारण दिसायला धडधाकट कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांनी नुसतं बघावं.

आमच्याकडे नवव्या दिवशी दुपारी एक पिल्लू नातीच्या तळव्यावर चढलं, कणी संपल्यावरही उतरलं नाही आणि तिथेच झोपलं. सुनेने जेवायला तीन हाका मारल्या. नातीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी ती नुसती मानेने "नाही" म्हणत होती. शेवटी लेकच ताट घेऊन अंगणात गेला, आणि खाली बसून तिला भरवू लागला. मोबाइल त्याने घरातच ठेवला होता.